हवेच्या आकड्यासोबत केंद्राचं नावही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात रोज ‘शहराचा हवा निर्देशांक’ म्हणून एकच आकडा येतो. तो कोणत्या केंद्राचा, की सगळ्या केंद्रांची सरासरी, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

माझी नोकरी प्रदूषण मोजणाऱ्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे हे जास्तच खटकतं. आमच्या वेळी गच्चीवरचा सॅम्पलर, म्हणजे नमुना घेणारा पंप, फिल्टरमधून हवा ओढायचा. काचतंतूंचा पांढरा फिल्टर पेपर डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) कोरडा करून तोलायचा, दर आठ तासांनी बदलायचा, काळवंडलेला कागद चिमट्याने उचलून पुन्हा कोरडा करायचा, पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे अडकलेली धूळ, तीही मिलिग्रॅममध्ये; पावसाळ्यात कागदाने जरा ओल धरली की हिशेबाचे बारा वाजायचे. (पंपाच्या आवाजावरून खालच्या मजल्यावरचे भांडायला यायचे, ते वेगळंच.) ही हाताने मोजण्याची पद्धत देशात आजही अनेक ठिकाणी चालते. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ नोंदी. बाकीच्या दिवसांचं काय, हे त्या केंद्राला विचारून उपयोग नाही.

स्वयंचलित केंद्रं रात्रंदिवस मोजतात, पण त्यांचा आकडाही नीट वाचावा लागतो. २०१५ मध्ये राष्ट्रीय निर्देशांक सुरू झाला. त्याच्या नियमानुसार आठ प्रदूषकांपैकी किमान तिघांची माहिती हवी, त्यात पीएम २.५ किंवा पीएम १० (हवेतले धुळीचे सूक्ष्म कण) असलाच पाहिजे आणि नोंद किमान १६ तासांची हवी. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा आकडा, म्हणजे उपनिर्देशांक, काढतात; ज्याची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच उपनिर्देशांक अंतिम ठरतो. त्यामुळे ‘१८०’ एवढंच छापून भागत नाही. तो धुळीमुळे असेल तर चांगला मास्क कामाला येतो. ओझोन वायूमुळे असेल तर धुळीच्या मास्कने काही होत नाही, भर दुपारी बाहेर पडणं टाळावं लागतं.

मोबाइलवरच्या परदेशी ॲपमध्ये वेगळाच आकडा दिसतो, म्हणून सरकार लपवतंय असा निष्कर्ष लोक काढतात. पीएम २.५ चं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर आपल्या मोजपट्टीवर ते १०० म्हणजे ‘समाधानकारक’; अमेरिकी पट्टीवर तेच १५० च्या पुढे जातं. हवा तीच, पट्टी वेगळी. ६० ला समाधानकारक म्हणावं का, हा प्रश्न मात्र जरूर विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची शिफारस १५ ची आहे.

तेव्हा विनंती अशी, की आकड्यासोबत केंद्राचं नाव, मुख्य प्रदूषक आणि वेळ छापावी. नोंद अपुरी असेल तर ‘पुरेशी नोंद नाही’ असं सरळ लिहावं. आणि २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा भरही शहरांवरच असल्यामुळे, ज्या तालुक्यांत एकही केंद्र नाही त्यांची यादी आठवड्यातून एकदा तरी द्यावी. नाहीतर आकडा नाही म्हणजे हवा चांगली, असाच तिथल्या लोकांचा समज राहील.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक