मोडीतली बरणी

नौपाडा, ठाणे
२० जुलै

प्रिय नंदिनी,

दिवाळीत तू आजीच्या कागदावरची मोडी वाचून दिलीस ना, लिंबाच्या लोणच्याची मापं, ती मी आता बरणीवर कोरतेय.

आधी देवनागरीत करून पाहिलं. बोरूनं कागदावर लिहिलं, ते बरणीवर उतरवलं आणि कडेकडेनं कोरत गेले. अक्षरं मेल्यासारखी दिसली. बोरूचा जाड-बारीकपणा धरण्याच्या कोनातून येतो आणि मी नुसती बाह्यरेषा गिरवत होते. मग हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा बोरूसारखा तिरका घासून घेतला आणि थेट मातीत लिहिलं. पातं तिरकं शिरतं, चरीची एक बाजू उतरती होते. भट्टीत ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकाकता थर, तळाशी साचून गडद होतं, धारेवर पातळ राहून फिकं. कागदावर जे रुंदीत दिसायचं ते इथे खोलीतही उतरतं!

पण खरी गंमत मोडीनं केली. मोडी लिहिणारे आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत, हे तूच सांगितलं होतंस. मी चाक हळू फिरवलं, पातं टेकवून हात स्थिर धरला. रेघ बरणीला वळसा घालून जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. त्यात मोडीत शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. मला तर वाटतं, ही लिपी गोल भांड्यासाठीच जन्मली.

दहाव्या शतकात इराणमध्ये निशापूरला वाडग्यांच्या काठाभोवती कूफी, म्हणजे कोनदार वळणाची अरबी, अक्षरं फिरवत. ती बहुतेक पांढऱ्या स्लिपवर, म्हणजे पातळ मातीच्या लेपावर, काळ्यानं रंगवलेली असत. नक्षी जवळजवळ नाहीच, मोकळी पांढरी जागाच बोलते. ते पाहून मी लिंबाची पानं फक्त तळाशी, उथळ कोरली. आधीच्या बरणीवर पानं ओळींमध्ये घुसवली होती, तेव्हा अक्षरं गुदमरली. शिवाय दोन चरी जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे भिंत पातळ होऊन पहिल्याच भाजणीत तडा गेला. दोन दिवस मी भट्टीकडे फिरकले नाही.

सध्याचा पाऊस मात्र सोयीचा आहे. माती चामड्यासारखी घट्ट-ओली राहते, प्लास्टिकखाली चार-पाच दिवस सहज. उन्हाळ्यात दुपारपर्यंत कोरडी पडते आणि टवके उडतात.

फोटो पाठवलाय. ‘हळद’मधला ‘ळ’ मला खटकतोय. भाजल्यावर काही करता येणार नाही, म्हणून बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय. तुझं उत्तर आलं की उघडते.

तुझी,
वैशाली