सीनियरना मेसेज करण्याबद्दल

लोटे, रविवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा नोकरीसाठी कॉलेजच्या सीनियरना मेसेज कर म्हटलं, तर "बाबा, मला वशिल्याने नोकरी नको" म्हणून तू विषय तोडलास. फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, म्हणून लिहितोय.

मी डिप्लोमावाला, पण सगळी नोकरी तुमच्या यूडीसीटीवाल्यांच्या, म्हणजे माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजी कॉलेजातल्यांच्या, हाताखाली गेली. (२००८ मध्ये अभिमत विद्यापीठ होऊन आयसीटी झालं खरं, पण प्लांटवर जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात.) कॉलेज १९३३ चं, तिथून बाहेर पडलेली मुलं अंकलेश्वर, वापी, तारापूर, महाड, जिथे केमिकलचा रिॲक्टर आहे तिथे सापडतात. अंजी रेड्डी तिथे शिकले आणि १९८४ मध्ये हैदराबादला त्यांनी औषध कंपनी काढली. आपल्या लोट्यात ज्यांचं नाव पोरासोरांना ठाऊक आहे ते घरडा केमिकल्सचे घरडा सर तिथेच शिकले, तिथेच शिकवायचे. हे तुला पाठ आहे. पण ही माणसं भेटतात कशी, ते मी बघितलंय. बाहेरून कोणी ऑडिटला आला की आमच्या साहेबांचा पहिला प्रश्न, "कुठली बॅच?" जुळलं की चहा येतो, हॉस्टेलच्या मेसचा उद्धार होतो, आणि मी लॉगशीट घेऊन बाजूला उभा. राग यायचा थोडा. आता माझीच मुलगी त्या चहाला बसू शकते, तर ती म्हणते नको.

वशिला म्हणजे इंटरव्ह्यूच्या आधीच निकाल लागलेला. रेफरलमध्ये, म्हणजे कंपनीतल्याच कोणी नाव सुचवलं तर, एचआरच्या ढिगातला तुझा सीव्ही वर येतो, बाकी काही नाही. पुढे इंटरव्ह्यूत मास बॅलन्स, किती माल आत गेला नि किती बाहेर आला तो हिशेब, तुलाच मांडायचाय. मात्र रेफर करणारा स्वतःचं नाव अडकवतो. तू चार महिन्यांत सोडून गेलीस तर ऐकून त्याला घ्यावं लागतं. म्हणून ओळखदेख नसताना पहिल्याच मेसेजला रेफरल मागायचं नाही.

तुझा तो मेसेज आईने मला दाखवला. "रिस्पेक्टेड सर, सीव्ही अटॅच्ड, काइंडली डू द नीडफुल." एकच मजकूर सगळ्यांना. असे मेसेज आमच्या साहेबांनाही येतात. ते "नोटेड" टाकतात आणि विसरतात, कारण त्यात उत्तर द्यावं असं काही नसतंच. त्यापेक्षा आतल्या माणसालाच ठाऊक असेल असं एखादं विचार. तुमच्याकडे फ्रेशरला प्रोसेस सेफ्टीत थेट घेतात, की आधी वर्षभर शिफ्ट करावी लागते? पायलट प्लांटवर, म्हणजे चाचणीच्या छोट्या प्लांटवर, कोण जातं, आर अँड डीची मुलं की प्रॉडक्शनची? आणि सीनियर मुलींना तर हे विचारच, की मुलींना शिफ्टला घेतात का. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना रात्रपाळी नव्हती. नियम पुढे सैल झाले, तरी कितीतरी ठिकाणी मुलगी म्हटली की क्यूसीत, माल तपासायच्या लॅबमध्ये, बसवतात. जाहिरातीत हे कधीच लिहिलेलं नसतं. तुला प्रॉडक्शनच हवंय ना? मग ही चौकशी पगाराच्या आधी कर.

कोणाला विचारायचं, तर अगदी वरच्यांच्या मागे लागू नकोस. चारपाच वर्षं पुढे असलेले बरे. त्यांना आपला पहिला इंटरव्ह्यू आठवत असतो आणि कुठे जागा निघणार हे एचआरच्या आधी कळतं. कंपनी निवडायला आणखी एक वाट आहे. नवा प्लांट किंवा वाढीव उत्पादन असेल तर पर्यावरण मंजुरीला अर्ज करावा लागतो, आणि सरकारच्या परिवेश पोर्टलवर तो कोणालाही बघता येतो. कोणतं प्रॉडक्ट, किती टन, सगळं त्यात असतं. आज अर्ज केलेल्याला उद्या माणसं लागणारच. ते वाचून "तुमच्याकडे विस्तार चाललाय, प्लांट चालू करायला कमिशनिंगची टीम कधी जमवणार?" असं विचारलंस तर समोरचा सरसावून बसेल.

आणि वेळ बघून पाठव. पेट घेणारे सॉल्व्हंट असतात तिथे फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये पडलेला असतो. सकाळी अकराचा मेसेज संध्याकाळपर्यंत शंभर गुड मॉर्निंगांखाली जातो. जनरल शिफ्टची बस गेटबाहेर पडली की सगळ्यांच्या माना फोनमध्ये जातात, तेव्हा तुझा मेसेज वर दिसला पाहिजे. दुरुस्तीचं शटडाऊन चालू असेल तर मात्र कोणाच्या वाटेला जाऊ नकोस, तेव्हा आम्ही घरच्यांचेही फोन घेत नाही. कोणी मदत केली तर पुढे काय झालं ते त्याला कळव, नाही झालं तरी. बहुतेक पोरं इथेच गळपटतात.

तुझ्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. इथल्या कॉलेजातून केमिकल करणाऱ्या पोराला "कुठली बॅच" विचारणारं कोणी नसतं, मार्क तुझ्याइतके असले तरी. आमच्या शिफ्टमधल्या एका ऑपरेटरचा मुलगा गेटची परीक्षा देऊन तुमच्याकडे एम.टेक.ला यायचं म्हणतोय. कुठली शाखा घ्यावी हे त्याला घरात कोण सांगणार? मी तुझा नंबर दिलाय. लाजरा आहे, इंग्रजीत मेसेज करेल, बहुतेक "रिस्पेक्टेड मॅम" म्हणून. त्याला नुसतं "नोटेड" टाकू नकोस.

आईने मावशीकडे कुळथाचं पीठ आणि आगळ पाठवलंय, डोंबिवलीला जाऊन घेऊन ये. मंगळवारपासून मला नाइट आहे, फोन दुपारी चारनंतर कर.

तुझे
बाबा