ट्रॅकवरच्या टू-स्ट्रोकला वेगळा वर्ग द्या: मा. नितीन गडकरी यांना खुले पत्र

मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,

स. न. वि. वि.

गडकरीसाहेब, रस्त्यावरून टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीतच ताकद देणाऱ्या, पेट्रोलसोबत ऑइल जाळणाऱ्या इंजिनाच्या दुचाक्या गेल्या ते योग्यच झालं. आरएक्स १०० आणि शोगन या तशाच जुन्या मोटारसायकलींवर जीव असूनही मी हे लिहितोय. धूर बाहेर सोडणारं तोंड (एक्झॉस्ट पोर्ट) उघडं असतानाच नवं पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरतं, त्यातलं काही न जळताच बाहेर पडतं आणि सोबत ऑइलचा धूर. अशा लाखो गाड्या शहरांच्या सिग्नलला उभ्या राहणं परवडणारं नव्हतंच. त्या परत आणा, असं माझं म्हणणं नाही.

मी बोलतोय ते हेडलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट यातलं काहीच नसलेल्या, पिकअपमध्ये घालून ट्रॅकवर न्याव्या लागणाऱ्या मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या शर्यतीच्या, गाड्यांबद्दल.

या खेळात मूल ५० सीसीवर बसायला शिकतं, मग ६५, मग ८५. या पायऱ्या आजही मुख्यतः टू-स्ट्रोकच्याच आहेत. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, त्यामुळे इंजिन हलकं आणि पडलेली गाडी पोराला स्वतः उभी करता येते. पण मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं कारण. पिस्टन आणि रिंग बदलायची तर तालुक्याच्या गावातला चांगला मेकॅनिक एका संध्याकाळी काम उरकतो. रेसिंगच्या फोर-स्ट्रोकचं, म्हणजे व्हॉल्व्ह-कॅमवाल्या इंजिनाचं, हेड उघडायची वेळ आली की खर्चाचा आकडा ऐकूनच मध्यमवर्गीय बाप मुलाला घरी बसवतो. ट्रॅकवरचीही टू-स्ट्रोक बंद झाली तर हा खेळ फक्त श्रीमंतांच्या मुलांचा उरेल, आणि हेच मला सलतं.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मोटोक्रॉस) लीगची पहिली फेरी झाली. त्याच वर्षी केटीएमने मुलांच्या ५०, ६५ आणि ८५ सीसीच्या गाड्या भारतात विकायला आणल्या, तिन्ही टू-स्ट्रोक. किंमत मात्र लाखांत, कारण तयार गाडी परदेशातून येते. १६०० सीसीपर्यंतच्या अशा मोटारसायकलींवरचं मूळ सीमाशुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० वरून ४० टक्क्यांवर आलं, तरी सात वर्षांच्या मुलाची गाडी आणि हौसेची महागडी रोड बाइक एकाच रांगेत उभ्या आहेत. ते खातं आपलं नाही, पण अर्थमंत्र्यांकडे आपल्या शब्दाला वजन आहे.

आपल्या खात्याकडे मागणं एवढंच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायची खास वाहनं ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळली आहेत. तीनचाकीपर्यंतच्या वाहनांना २५ सीसीची सूटही तिथेच आहे, पण ५० सीसीची सगळ्यात छोटी मोटोक्रॉस गाडीसुद्धा त्यात बसत नाही. स्पर्धेची गाडी आणि मान्यताप्राप्त ट्रॅक या वगळणुकीत येतात, हे अधिसूचनेत नावानिशी लिहा. ट्रॅक्टरला आणि बांधकामाच्या यंत्रांना उत्सर्जनाचे वेगळे निकष आपण दिलेच आहेत, मग स्पर्धेच्या गाडीलाही तिचे निकष द्या.

ते कडक असले तरी चालतील. बायोडिग्रेडेबल ऑइल सक्तीचं करा, आवाजाची मर्यादा ट्रॅकवर मोजा. मोठ्या गाड्यांना काही वर्षांची मुदत देऊन फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल मोजून आत सोडणारी यंत्रणा) मागा. केटीएमने २०१७ मध्येच एन्ड्युरोच्या (लांब पल्ल्याच्या ऑफ-रोड शर्यतीच्या) टू-स्ट्रोकमध्ये ते आणलं, म्हणजे अशक्य काही नाही. लहान मुलांच्या इलेक्ट्रिक गाड्याही आल्या आहेत. त्या परवडू लागतील तेव्हा ५० सीसीची पायरी आपोआप बदलेल, त्याची मला भीती नाही.

आणि जो कोणी अशी गाडी पठारावर, गडाच्या वाटेवर किंवा जंगलात घालेल, त्याची गाडी जप्त करा. सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, माती एकदा उखडली की पुन्हा बसत नाही. त्या लोकांची बाजू मी कधीच घेणार नाही.

मसुदा काढाल तेव्हा हरकती-सूचना मराठीतही मागवा. ट्रॅकवर पाने-पक्कड घेऊन बसलेली आमची मेकॅनिक मंडळी त्यावर नेमकं बोलू शकतील.

आपला,
मोटोक्रॉसचा एक प्रशिक्षक, सातारा