ग्राफिंग कॅल्क्युलेटर शिकवणाऱ्या काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुम्ही पुण्याला कायमचे परत गेलात त्याला आता चार महिने होतील. निघण्याच्या आदल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या सार्वजनिक वाचनालयात आपण खिडकीजवळच्या नेहमीच्या टेबलाशी बसलो होतो, आणि तेव्हाही सगळा वेळ माझ्या प्रोग्रॅममधली एक चूक शोधण्यातच गेला, त्यामुळे आभार मानायचे राहून गेले. ते आज मानते आहे. पत्र सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, मुले कॉलेजला गेल्यावर खणात पडून राहिलेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढणारा आणि प्रोग्रॅम लिहिता येणारा कॅल्क्युलेटर, इथल्या पुष्कळ मराठी घरांत असेल, आणि त्याच्याशी ओळख कशी करून घ्यावी हे तुम्ही मला ज्या रीतीने शिकवलेत, ती रीत त्यांच्याही उपयोगी पडावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्या घरातले यंत्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८४ प्लस, मुलाने वरच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याकडून घेतलेले. इथल्या हायस्कुलात असे यंत्र मुलांच्या दप्तरात असणे अगदी साधी गोष्ट आहे. मी मात्र नाशिकला बी.एस्सी. केले तेव्हा प्रश्नपत्रिकेच्या सूचनांत ‘नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर वापरण्यास परवानगी आहे’ असे वाक्य असायचे, आणि ज्याला परवानगी नाही तो प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर कसा असतो हे मी कधी पाहिलेसुद्धा नव्हते. मुलगा वसतिगृहात राहायला गेल्यावर ते यंत्र मी सहज वाचनालयात घेऊन आले, आणि शेजारच्या खुर्चीवरून तुम्ही विचारलेत, “याच्यात प्रोग्रॅम लिहिता का?” नाही म्हटल्यावर तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत, पण यंत्राला हात लावला नाहीत. पुढच्या दीड वर्षात तुम्ही एकदाही ते माझ्या हातून घेतले नाहीत. कुठली कळ दाबायची हे सांगायचे, थांबायचे, आणि मी चुकले तर ती चूक पडद्यावर पूर्ण उमटू द्यायची, हा तुमचा नियम होता.

पहिल्याच दिवशी त्याचा प्रत्यय आला. एक संख्या विचारून तिचा वर्ग दाखवायचा, एवढाच दोन ओळींचा प्रोग्रॅम होता. तुम्ही पीआरजीएम, म्हणजे प्रोग्रॅमची, कळ दाखवलीत, नवा प्रोग्रॅम उघडायला लावलात आणि ‘डिस्प’ म्हणजे ‘दाखव’ ही आज्ञा लिहायला सांगितलीत. मी ती डी, आय, एस, पी अशी एकेक अक्षराने टाइप केली. प्रोग्रॅम चालला, त्याने संख्या विचारली, मी ७ दिले, उत्तर आले शून्य. १२ दिले, तरी शून्य. यंत्र बिघडले असावे असे मला वाटू लागले, पण तुम्ही म्हणालात की यंत्राने अगदी तेच केले आहे जे त्याला सांगितले गेले. या यंत्रात आज्ञा हा अक्षरांचा शब्द नसतो. मेनूतून निवडलेली अख्खी आज्ञा आत एक किंवा दोन बाइटांचे (बाइट म्हणजे साठवणीचे छोटे माप) एकच चिन्ह म्हणून साठवली जाते. मी सुटी अक्षरे लिहिली, म्हणून त्याने डी, आय, एस आणि पी हे चार चल, म्हणजे संख्या साठवणारी अक्षरे, समजून त्यांचा माझ्या संख्येच्या वर्गाशी गुणाकार केला, आणि त्या चौघांची किंमत शून्य होती. हे समजल्यावर मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. त्या शून्यामागे कारण होते आणि ते शोधता येत होते. तुम्ही सुरुवातीलाच माझ्या हातून यंत्र घेऊन योग्य आज्ञा टाकून दिली असती, तर हे मला कितीतरी उशिरा कळले असते.

पुढच्या आठवड्यात तुम्ही कापडी पिशवीतून तुमचा जुना कॅसिओ एफएक्स-७०००जी काढलात. १९८५ साली बाजारात आलेला जगातला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर मी तेव्हा प्रथम पाहिला. प्रोग्रॅमसाठी त्यात ४२२ बाइट जागा. माझ्या २००४ सालच्या मॉडेलमध्ये वापरायला २४ किलोबाइट रॅम, म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी स्मृती, आणि वर ४८० किलोबाइट कायम साठवण आहे, तरी पडद्यावरचे बिंदू दोघांचे सारखेच, ९६ गुणिले ६४, हे तुम्ही दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून दाखवलेत. ४२२ बाइटांत काम बसवताना प्रत्येक ओळ आधी कागदावर दोनदा लिहावी लागे, असे तुम्ही म्हणालात आणि मलाही एक वही आणायला सांगितलीत. ती निळी वही आता भरत आली आहे.

त्या वहीचे पहिले मोठे काम म्हणजे कापरेकरांचा ६१७४. मी नाशिक रोडची आहे हे कळताच तुम्ही विचारलेत, “मग देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा स्थिरांक ठाऊक असेल?” नाव ऐकलेले होते, शाळेत एकदा फळ्यावर पाहिलेही होते, पण त्यापलीकडे काही नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे, म्हणजे जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो, हे त्यांनी १९४९ साली मांडले. रंजक गणितावर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगभरच्या हौशी गणितप्रेमींना ते नाव माहीत झाले. माझ्या घरापासून काही मैलांवर, कागद आणि पेन्सिल घेऊन झालेले हे काम मला न्यू जर्सीतल्या वाचनालयात एका यंत्रावर नव्याने भेटले, याचे मला फार अप्रूप वाटते.

तो प्रोग्रॅम लिहायला आपल्याला चार शनिवार लागले आणि त्यातला एकही वाया गेला नाही. आधी संख्येचे अंक सुटे करायचे होते. दहाने भागायचे, दशांश भाग दहाने गुणायचा की शेवटचा अंक मिळतो, पूर्णांक भाग पुढच्या फेरीसाठी ठेवायचा, आणि असे चार वेळा. तुम्ही सांगितलेत की हे यंत्र आतमध्ये संख्या दशमान अंकांतच ठेवते, त्यामुळे दहाने भागताना काहीच सांडत नाही. संगणकाच्या पुष्कळ भाषांत द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीमुळे हीच कृती केली तर अगदी बारीक चूक शिरू शकते. मग अंकांची यादी उतरत्या क्रमाने लावायची एकच आज्ञा होती. त्यानंतर दोन संख्या पुन्हा बांधून वजाबाकी करायची, म्हणून मी वहीत सहा ओळी लिहिल्या. तुम्ही त्या वाचल्यात आणि अंकांना क, ख, ग, घ नावे देऊन ती वजाबाकी हाताने करायला सांगितलीत. करता करता उरले एवढेच: ९९९ गुणिले (क वजा घ), अधिक ९० गुणिले (ख वजा ग). सहा ओळींची एक ओळ झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, येणारे प्रत्येक उत्तर नऊने भागले जाणार हे यंत्र सुरू करण्याआधीच डोळ्यांसमोर आले.

प्रोग्रॅम चालला तेव्हा मी मुलाचे जन्मवर्ष दिले, २००५. पडद्यावर एकाखाली एक उतरत गेले: ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. बरोबर सात पायऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त जितक्या लागू शकतात तितक्या. त्याच संध्याकाळी मी मुलाला फोन करून हे सांगितले, आणि आपल्या जुन्या यंत्रावर आई हे करते आहे याचा त्याला झालेला आनंद त्याच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होता.

पुढच्या शनिवारी तुम्ही सहज म्हणालात, “२२२२ देऊन पाहा.” मी दिला आणि यंत्र थांबेचना. वरच्या कोपऱ्यातली बारीक उभी रेघ हलत राहिली, म्हणजे काम चालू आहे, पण उत्तर नाही. सारख्या अंकांची वजाबाकी शून्य होते, शून्याची पुन्हा शून्य, आणि मी तर फक्त ६१७४ आल्यावरच थांबायला सांगितले होते. तुम्ही ऑन कळ दाबायला लावलीत. यंत्राने काम थांबल्याचे सांगून ‘बाहेर पडा’ किंवा ‘तिथे जा’ असे दोन पर्याय दिले. दुसरा निवडल्यावर प्रोग्रॅम उघडला आणि कर्सर नेमका जिथे काम तोडले गेले त्या ओळीवर येऊन उभा राहिला. ‘किंवा शून्य आल्यास’ एवढे जोडल्यावर काम संपले. नव्याने शिकणाऱ्याला मी आता हेच सांगते की, अडकलेल्या प्रोग्रॅममधून बाहेर पडण्यापेक्षा ‘तिथे जा’ निवडावे, कारण काम कुठे थांबले हे यंत्र स्वतः बोट ठेवून दाखवते आणि तिथून चूक शोधता येते.

एक नुकसानही झाले आणि त्या वेळी तुम्ही जे केलेत त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. चार एएए सेल बदलताना यंत्रातला बॅकअपचा छोटा गोल सेल आधीच संपलेला होता, हे मला ठाऊक नव्हते. नवे सेल घालून सुरू केले तर पडद्यावर ‘रॅम क्लिअर्ड’ अशी अक्षरे, आणि कित्येक आठवड्यांचे सगळे प्रोग्रॅम गेलेले. मला रडू आले. तुम्ही घाईने सांत्वन केले नाहीत. वही उघडायला सांगून तुम्ही एकेक प्रोग्रॅम मोठ्याने वाचत गेलात आणि मी तो पुन्हा भरत गेले, वाचनालय बंद होण्याची घोषणा होईपर्यंत. मग मेमरीच्या मेनूतून प्रोग्रॅम कायम साठवणीत कसा टाकायचा, नावापुढे तारांकित खूण आली की तो सुरक्षित आहे असे कसे समजायचे, आणि चालवण्याआधी तो पुन्हा रॅममध्ये का आणावा लागतो, हे दाखवलेत. गोल सेलही त्याच आठवड्यात बदलला.

आलेखांचा भाग आपण थोडाच केला, पण त्यातला एक शनिवार मी विसरणार नाही. झूमच्या मेनूतला दशांशाचा पर्याय निवडला की क्ष-अक्ष उणे ४.७ पासून ४.७ पर्यंत धरला जातो, म्हणजे एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत बरोबर ०.१, हे सांगून तुम्ही कोन रेडियनमध्ये ठेवून ‘साइन (२० गुणिले पाय गुणिले क्ष)’ याचा आलेख काढायला लावलात. इतकी दाट लाट येईल म्हणून मी पडद्याकडे पाहत राहिले आणि उमटली सरळ आडवी रेघ. दर ०.१ वर ती लाट आपल्या एका पूर्ण आवर्तनाच्या शेवटी शून्यावरच असते आणि यंत्र फक्त तिथेच डोकावते, हे वहीत मांडेपर्यंत माझा विश्वास बसला नाही. यंत्राने काढलेल्या प्रत्येक आलेखाकडे मी तेव्हापासून ‘हे किती ठिकाणी पाहून काढले आहे?’ असा प्रश्न मनात ठेवून पाहते.

फोनमध्ये सारे काही असताना हे कशाला, असे मला काही जणांनी विचारले आहे. माझे उत्तर असे की, या यंत्रात जेवढे आहे तेवढे सगळे एका माणसाला, एका टेबलाशी बसून, समजून घेता येते, आणि मला तेच हवे होते.

आता तुमच्या माघारी काय चालले आहे ते कळवते. जाताना तुम्ही मला देवळाली संख्यांचे काम दिले होते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की एक नवी संख्या ‘जन्मते’. जी संख्या अशी कोणापासूनच जन्मत नाही, ती कापरेकरांची स्वयंभू संख्या, म्हणजेच देवळाली संख्या. या यंत्रात एका यादीत जास्तीत जास्त ९९९ संख्या मावतात आणि प्रत्येकीला ९ बाइट लागतात, म्हणून मी ९९९ घरांची, जवळजवळ ९,००० बाइटांची, शून्यांनी भरलेली यादी केली. मग १ पासून ९९९ पर्यंत प्रत्येक संख्येपासून जी जन्मते तिच्या घरात १ टाकत गेले, आणि ज्या घरांत शून्य उरले त्यांचे क्रमांक पाहिले. प्रोग्रॅम सुरू करून मी चहा केला, परत आले तरी ती उभी रेघ हलतच होती.

उत्तरे आली ती १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, अशी अकराच्या अंतराने ९७ आणि १०८ पर्यंत. त्यापुढे मला ११९ हवा होता आणि आला ११०. प्रोग्रॅममध्ये चूक आहे असे समजून मी तासभर ओळी तपासल्या, एकही सापडली नाही. मग तुमची आठवण होऊन वही उघडली आणि हाताने करून पाहिले. १०९ अधिक त्याच्या अंकांची बेरीज १० म्हणजे ११९, तेव्हा तो स्वयंभू नाही. ११० साठी ९५ पासून १०९, ९६ पासून १११, १०४ पासून १०९, १०५ पासून पुन्हा १११, असे दोन्ही बाजूंनी पाहत गेले, आणि ११० कुणाकडूनच आला नाही. यंत्र बरोबर होते. निळ्या वहीच्या त्या पानाचा फोटो या पत्रासोबत तुम्हाला वेगळा पाठवते आहे. तिसऱ्या ओळीतली खाडाखोड तशीच ठेवली आहे, कारण ती तुम्ही आधी पाहाल हे मला माहीत आहे.

तुमची कृतज्ञ,
शनिवारच्या टेबलावरची विद्यार्थिनी