चि. मुक्तास

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी तुला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा फोन करत नाही, पत्रच लिहिते. मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतेस, त्यातून आईला काय कळणार? कुजबुजूनसुद्धा बोलू नकोस, त्यानंही गळ्याला ताण पडतो म्हणे. शाळेतून रजा घेतलीस का? नसलीस तर घे. असो. यावर आता लिहीत नाही.

आप्पांचं वर्षश्राद्ध पार पडलं. तू आली नाहीस तेच बरं, वासंतीआत्यांनी तुला बोलतं केल्याशिवाय सोडलं नसतं. जेवणं झाल्यावर बाबांनी आप्पांचा तंबोरा काढला. तारांना झंकार देणारी जवारी पार गेलीय, दुरुस्तीला मिरजेला न्यावा लागेल. मिरज म्हटलं की मला उरुसच आठवतो. मार्केट यार्डातल्या दुकानाच्या गुळाच्या हिशेबाच्या पट्ट्या तशाच टाकून आप्पा निघायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्रभर गाणं चालायचं, ते ऐकून पहाटेच्या गाडीनं परत. डोळे लालभडक, आणि आंघोळ करून थेट दुकानात! मला लग्नाआधी गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी भाकरी थापायला लागले की माजघरातून ओरडायचे, "सूनबाई, लय पळतेय!" पहिले काही दिवस मी रडायचे. नंतर मुद्दाम पळवायला लागले.

बाबा म्हणाले, मुक्ताला जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट लिही, धीर येईल. तुला ती पाठ आहे. आप्पा आधी कानाची पाळी धरायचे, मग नाव घ्यायचे. तरुणपणी संस्थानिकापुढे गाऊन गाऊन खाँसाहेबांचा आवाज गेला. परत आला तो जड होऊन, पहिल्यासारखा फिरेना. मग त्याच गळ्याला झेपेल अशी पेचदार गायकी त्यांनी बांधली. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवलं, आणि १९२२ साली महाराज जाईपर्यंत ते इथंच, कोल्हापुरात होते. आप्पांच्या वडिलांनी त्यांना ऐकलं होतं, हे तर दर पाहुण्याला चहाच्या आधी सांगितलं जायचं.

पण खरं सांगू, मला ही गोष्ट तुला लिहायचीच नव्हती. मधली दोनेक वर्षं आवाज नव्हता, ती आप्पा एका वाक्यात उरकायचे आणि पुढं तासभर तानांवर बोलायचे. तूही तेच करशील. दोन आठवड्यांनी जरा बरं वाटलं की तंबोरा लावून बसशील. मुक्ता, मला घराणं नको, तुझा गळा धड हवा. भाजीवाल्याशी घासाघीस करता आली तरी मला पुरे.

हे फार लागेल असं लिहिलं गेलं. राग मानू नकोस. देवल क्लबात तू बसंती केदार राग गायलीस तेव्हा आप्पा मागच्या भिंतीला टेकून बसले होते. दाद देणारा माणूस, पण त्या दिवशी एकदाही हात उचलला नाही. मला वाटलं, आवडलं नाही. घरी येताना खासबागेपाशी रिक्षा थांबवून त्यांनी रिक्षावाल्यालाही मिसळ खाऊ घातली आणि त्याला सांगितलं, "माझी नात गायली आज." तुला हे कुणी सांगितलं नसणार. तुझ्या डोक्यात हवा जाईल म्हणून त्यांनीच आम्हाला बजावलं होतं.

डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठव, पूर्ण कागदाचा. मागच्या वेळी खालचा भाग कापलेला होता. तिथं ऑपरेशनचं काही लिहिलंय का? असेल तर आत्ताच सांग, बाबा सुट्टी टाकतील. नसेल तर शुक्रवारी रात्री निघून ये. इथं तुझ्याशी कुणी बोलणार नाही, मी सगळ्यांना दम दिलाय. आत्यांनाही. त्या रुसल्यात, ते मी बघते.

पाणी कोमट पी.

तुझी,
आई