काप दापोलीतल्या गोऱ्यांच्या कबरी वाचून ठेवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एक म्हातारं इंग्रज जोडपं दापोलीत आलं होतं, त्यांच्या खापरपणजोबांची कबर शोधत, आणि आम्ही दोन दिवस झाडीत फिरलो पण हाती काही लागलं नाही हो. १८१८ नंतर इथे लष्करी कॅम्प पडला म्हणून तर आपण अजूनही काप दापोली म्हणतो. जवळचं बाणकोट तर त्याच्याही आधी, १७५६ सालीच इंग्रजांकडे गेलं, तिथल्या किल्ल्याला ते फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायचे.

त्या जोडप्याकडे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या नोंदींची प्रत होती, मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफन सगळं तिथे जपलंय, एन/३ या नंबराखाली. म्हणजे कागद तिकडे आहे आणि दगड आपल्याकडे, पण दगडावरची अक्षरं दर पावसाळ्यात शेवाळ खाऊन टाकतंय. मला ते बघून खरंच वाईट वाटलं. माणूस कुठलाही असो, आपलं माणूस कुठे पुरलंय हे बघायला तो एवढ्या लांबून येतो.

माझी विनंती एवढीच की कॉलेजच्या मुलांनी दिवाळीनंतर, झाडी सुकली की, प्रत्येक कबरीचा फोटो काढून नाव, पलटण, तारीख वहीत उतरवावी. सकाळच्या तिरक्या उन्हात पुसट अक्षरंही दिसतात. तारेचा ब्रश नको, चुना तर अजिबात फासू नका. कुणाच्या घरी जुन्या आठवणी असतील तर त्याही लिहून काढा.

आपला,
एक वाचक, दापोली