काढलेलं प्रकरण

सोलापूर,
रविवार, पहाटे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

ताईकडे गेल्यापासून आईचे गुडघे कमी दुखतात हे ऐकून बरं वाटलं. तिथले जिने मात्र बेतानंच चढ-उतर करा. इकडे सगळे ठीक आहोत. नळाला पाणी परवा, पाचव्या दिवशी आलं.

सोबतच्या जाड लिफाफ्यात माझ्या कादंबरीचं नववं प्रकरण आहे. बाबा, ते तुमच्यावरचं आहे, आणि ते मी कादंबरीतून काढलंय. फोनवर हे सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण जमलं नाही. म्हणून हे पत्र.

माझी पहाट तुम्हाला माहीतच आहे. पावणेपाचला उठायचं, स्वयंपाकघरातला दिवा लावायचा आणि पोरं उठेपर्यंत लांब वहीत एक पान लिहायचं. पाणी यायच्या दिवशी तेवढी सुट्टी. पतसंस्थेतली दिवसभराची आकडेमोड डोक्यात शिरायच्या आधीची ही दीड तासाची वेळ मी अडीच वर्षं सोडली नाही. बाबा, तुम्ही पाणी प्यायला यायचा आणि एक शब्द न बोलता परत जायचा. त्या न बोलण्याचा मला केवढा आधार होता, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

लिहिणं जमलं. खरी दमछाक झाली ती लिहिलेलं तपासताना. आपलंच पान आपण वाचतो तेव्हा डोळ्यांना कागदावरचं दिसत नाही, मनात असलेलंच दिसतं. कथेतली आजी तिसऱ्या प्रकरणात विधवा झाली आणि सातव्यात कपाळभर कुंकू लावून ओटी भरून घेत होती. ती पानं मी निदान दहा वेळा वाचली असतील, तरी मला ते दिसलं नाही. आईनं फोनवर ऐकता ऐकता विचारलं, "अरे, हिचा नवरा वारला होता ना?"

त्या रात्री मला बाबांची कार्डं आठवली. ग्राफवर चौकटी भरून चादरीचं फूल काढायचं, त्याबरहुकूम मागावर नक्षी उतरवणारी जेकार्डची कार्डं पंच करायची आणि दोऱ्यानं ओवून मागावर चढवायची. एक भोक चुकलं की तीच पाकळी प्रत्येक चादरीत तुटकी. तुम्ही म्हणायचा, आपण पंच केलेलं कार्ड आपण तपासायचं नाही, शेजारच्या मागवाल्याला दाखवायचं. तो नसला तर नमुना दाराला टांगून, दहा पावलं मागं जाऊन बघायचं.

मी तेच केलं. सगळी वही टाइप केली आणि तीन महिने कपाटात ठेवली, हातही लावला नाही. मग फॉन्ट बदलून पाठकोऱ्या कागदांवर छापून घेतली. अक्षर अनोळखी झालं की मजकूरही थोडा परका होतो. एकेक प्रकरण मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारताना ऐकलं. डोळे झाकतात ते कान झाकत नाहीत. जिथं माझाच श्वास अडखळला, तिथं वाक्य मोडलं. 'जणू' हा शब्द शोधला तर दोनशेच्या वर सापडला. आता अकरा उरलेत.

माहितीचा मोह त्याहून वाईट. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला, त्यावर वाचनालयात बसून काढलेली टिपणं मी चार पानं भरून ओतली होती. पण गोष्ट आहे तेरा वर्षांच्या पोराची. त्याला कलमं आणि हुकूम काय कळणार? त्याला एवढंच कळतं की आई कंदील बारीक करते आणि बाहेर जाऊ देत नाही. चार पानांच्या चार ओळी झाल्या. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ती बातमी त्या पोराच्या गल्लीत येते तेव्हा संक्रांत तोंडावर आलेली असते. तिथंही आधी भाषण होतं. आता फक्त घराघरांत चूल थंड आहे.

तपासण्याच्या नादात एकदा नासाडीही झाली. माणसांच्या तोंडची भाषा मी 'शुद्ध' करत गेलो. "काय करालास बे"चं "काय करतो आहेस" झालं आणि सगळी गल्ली परगावची वाटायला लागली. दोन आठवडे घालवून एकेक संवाद परत मूळपदावर आणला. कापायला शिकलो, पण कुठं हात लावायचा नाही हे शिकायला जास्त वेळ लागला.

आता नववं प्रकरण. कारखाना बंद झाला त्या रात्री तुम्ही कार्डांची एक माळ खांद्यावर टाकून घरी आलात. ती दिवाणाखाली ठेवलीत आणि आईनं पुढं केलेली कडक भाकरी तशीच हातात धरून बसलात. मी आठवीत होतो. तुमच्या बोटांना लागलेली धूळ भाकरीला लागली होती, ती आईनं पदरानं पुसली. मी आजवर जे काही लिहिलं त्यात ही पानं सगळ्यात चांगली आहेत असं मला वाटतं. पण १९३० च्या त्या पोराची गोष्ट मधेच सोडून वाचक आपल्या घरात येतो, आणि परत जाताना वाट चुकतो. चार खर्ड्यांत मी ती ठेवली. दर वेळी म्हणायचो, बाबांची आहेत, राहू देत. गेल्या मंगळवारी पहाटे काढली आणि बराच वेळ दिवा न मालवता तसाच बसलो.

बाबा, आई तुम्हाला वाचून दाखवेल. आई, सावकाश वाच. काही चुकलं असेल तर समासात पेन्सिलनं खूण कर, विशेषतः त्या रात्री चुलीवर काय होतं ते. मी आमटी लिहिलीय, पण मला खात्री नाही. पुढच्या शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतोय. शेंगाचटणी आणतो. कार्डांची ती माळ अजून दिवाणाखालीच आहे. ती आणू का, तेही कळवा.

तुमचा,
बाळू